माझ्या शब्बाथशाळेचं मडकं

मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधली रविवारची शाळा, कशी चालवावी, हे विचारायला अजूनही तरुण मुली माझ्याकडे येतात. वही उघडून बसतात बिचाऱ्या. मी पदर खोचते, घसा साफ करते आणि हातचं काही न राखता सांगत सुटते. प्रार्थना आखूड ठेवा, आणि ती चालू असताना तुमचा एक डोळा उघडा असू द्या, कारण मुलांचाही एक उघडाच असतो. चुळबुळ्या पोराला मागे ढकलू नका; त्याला गोष्टीतला वाघ करा. गाण्याला हातवारे हवेतच, म्हणजे हात खोड्या काढायला मोकळे राहत नाहीत. परदेशातून जुनी नाताळकार्डं आली तर त्यांच्यावरचा बर्फ समजावत बसू नका. आमच्या मुलांनी तो सावरीचा कापूस ठरवला होता, आणि त्यानं नाताळाचं काही बिघडलं नाही.

मग एखादी विचारते, "आणि हजेरी कशी घ्यायची, बाई?"

तेव्हा मी आधी पाणी मागते.

गोष्ट सन एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता; आमचा सगळा जंगलमुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. मी चांद्याची, तेवीस वर्षांची, धानोऱ्याकडच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तरीण म्हणून गेलेली. आठवडाभर पाढे आणि रविवारी उपासनेनंतर शब्बाथशाळा. आमचं ख्रिस्ती देऊळ म्हणजे कवेलूंच्या छपराचं एक लांबट घर, पुढे ओटा, ओट्यासमोर मोहाचं झाड. ख्रिस्ती घरं जेमतेम दहा-बारा. पण गाणी आणि गोष्टी ऐकायला नाल्यापलीकडच्या गोंड टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, मुलंही येऊन बसत, आणि माझा खरा प्रेक्षकवर्ग तोच. ख्रिस्ती मुलांना गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक असायचा.

त्या गावात संशय घेत नव्हतं असं कुणी नव्हतं. देवळाचे पाळकसाहेब म्हातारे, नगरकडचे, अतिशय शुद्ध बोलणारे. त्यांना माझा संशय. मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. मेंढरू तिथं कुणी पाहिलं नव्हतं म्हणून मी त्याची बकरी केली, आणि बकरी होऊन ओट्यावरून खाली उडी मारली. पाळकसाहेब दारात उभे होते.

"बाई, ही शब्बाथशाळा आहे की दंडारीचा खेळ?"

"दंडारीला गर्दी होते, पाळकसाहेब," मी गुडघे झटकत म्हटलं.

घंटा वाजवणाऱ्या भाऊंना मुलांचा संशय. कंदिलातलं तेल कमी झालं की ते एकेकाचे हात हुंगून बघत. आणि टोल्यावरच्या लोकांना आम्हा सगळ्यांचाच संशय. त्याला कारणही मीच दिलं होतं. आल्या आल्या मी एक जाडजूड हजेरीबुक काढलं आणि मुलांची नावं लिहायला लागले. पुढच्या रविवारी टोल्यावरचं एकही पोर नाही. कागदावर नाव चढलं की ते नागपूरला जातं, तिथून साहेबाकडे, आणि मग पोर कुणाचं हे साहेब ठरवतो, असं टोल्यावर बोललं जात होतं. जंगलातल्या माणसानं कागदाला भ्यावं यात मला काही नवल वाटलं नाही. कागदानं त्याचं भलं केल्याचं मीही पाहिलं नव्हतं.

मग मला कल्पना सुचली. माझ्या कल्पना नेहमी आंघोळीच्या वेळी सुचतात आणि म्हणून अर्धवट राहतात. कठाणी नदीच्या पात्रातून मी पांढरे, चपटे, गुळगुळीत खडे आणले. प्रत्येक मुलाला एक. त्यानं आपली खूण सांगायची, मासा, पान, चांदणी काहीही, आणि मी काडीनं बिब्बा लावून ती खड्यावर काढायची. धोबी कपड्यावर काढतो तशी, न पुसणारी. सगळे खडे एका मडक्यात. रविवारी आलेल्या मुलानं आपला खडा काढून ओट्याच्या कडेला मांडायचा. वर्ग सुटला की खडे पुन्हा मडक्यात. मडक्यात जे उरतील ते गैरहजर. कागद नको, नाव नको. हरवलेली बकरी कोणती ते बघताक्षणी कळणार.

ते समजावतानाही मी साधेपणानं समजावलं नाही. मडकं दोन्ही हातांनी वर धरलं, आवाज खोल केला आणि म्हटलं, "ज्याचा खडा मडक्यात राहिला, तो हरवला. आणि हजेरीची वेळ सोडून या मडक्याला माझ्याशिवाय कुणी हात लावला, तर त्याचं शब्बाथशाळेत काम नाही." मुलं इतकी गप्प झाली की मला फार बरं वाटलं.

काही आठवडे ते झकास चाललं. पोळा झाला, धान पोटरीला आलं, डास वाढले. मडक्याच्या हिशेबानं माझी हजेरी जवळजवळ पूर्ण होती. पाळकसाहेबांनासुद्धा मी मडकं उलटं करून दाखवलं. त्यांनी आत वाकून बघितलं, न जाणो मी तळाशी काही लपवलं असेल.

एका सोमवारी सकाळी टोल्यावरची एक म्हातारी माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिची नात माझ्या वर्गात यायची, नऊ-दहा वर्षांची, खडे खेळण्यात अख्ख्या गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाच खडे उडवून हाताच्या पाठीवर असे झेलायची की जणू ते पाळलेले आहेत. खुणेसाठी तिनं मासा मागितला होता.

"खडा दे," म्हातारी म्हणाली.

"कोणता खडा, आजी?"

"माशाचा. माह्या नातीचा. तुह्या मडक्यातला."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. उभ्यानंच तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मीच खाली बसले. त्यांच्या घरी माणूस मेलं की त्याच्या नावाचा खडा नदीवरून आणतात आणि आतल्या कोपऱ्यात मडक्यात ठेवतात. मग ते माणूस घरच्या जुन्या मेलेल्यांत जाऊन मिळतं. खडा आणि मडकं म्हणजे तेच, दुसरं काही नाही.

"जित्या पोट्ट्याइचे खडे तुनं मडक्यात टाकले," ती म्हणाली. "वरतून सांगून राह्यली, मडक्यात राह्यला तो गेला. पोट्टी घरी येऊन सांगे तवा मी हासलो. आता तिले ताप हाये. एक दिस आड थंडी वाजते, दात कडकड करते. मंग मी काऊन हासू?"

"आजी, तो हिवताप आहे. पाळकसाहेबांकडे गोळ्या आहेत. आत्ता आणते."

"गोळी मंग. आधी खडा. तो मडक्यात हाये तंवर गोळीनं काई होत नाई."

तिच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर होतं. मी धावत देवळात गेले, मडकं ओट्यावर पालथं केलं. पान होतं, चांदणी होती, दोन विंचू होते. मासा नव्हता.

म्हातारीनं मडक्यात हात घालून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "सांजपावेतो शोध," म्हणाली आणि गेली. जाताना मोहाच्या झाडाला वळसा घालून गेली, ओट्याजवळूनही नाही.

त्या दिवशी मी काय काय संशय घेतले ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. भाऊंना गाठलं.

"भाऊ, मडक्यातला खडा तुम्ही घेतला?"

"मी काऊन घेऊ?"

"दाराला अडकण म्हणून."

"दाराले वीट हाये बाई. तुमीच कुठी ठेवला असन अन् आता गरिबाच्या मागं."

तरी मी दारामागची वीट उचलून बघितली. पाळकसाहेबांच्या टेबलावर कागदांवर दाब म्हणून काही ठेवलंय का, तेही डोकावून बघितलं, आणि त्यांनी मला डोकावताना बघितलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी औषधाची पेटी उघडली, हिवतापाच्या गोळ्या कागदात बांधल्या.

"मुलीला गोळी द्या. दगडाचे लाड पुरे."

"आजी तोंड उघडू देणार नाही, साहेब."

"मग देवाला काय सांगाल?"

पोरगी तापानं वितळत होती, आणि ती आणि गोळी यांच्यामध्ये माझीच एक करामत आडवी पडलेली होती.

दुपारी मी नदीवर गेले, तसाच पांढरा चपटा खडा शोधला, बिब्बा घेतला आणि मासा काढला. हो. शब्बाथशाळेच्या बाईनं खोटा खडा बनवला. घाईत काडी मोडली आणि बिब्बा माझ्या बोटावर आला. मासा मात्र हुबेहूब झाला, शेपटी जरा जास्तच सुंदर. त्यावर माती चोळून तो जुना केला. संध्याकाळी म्हातारीकडे निरोप धाडला, खडा मिळाला, उद्या सकाळी आणते. रात्रभर बोट ठणकलं.

सकाळी मी गोळ्या आणि खडा घेऊन टोल्यावर गेले. घरात पोरगी चटईवर घोंगडी पांघरून पडलेली. डोळे मोठे झालेले. म्हातारीनं खडा हातात घेतला, उलटा केला, पालथा केला, नाकाशी नेला.

"बिबा कवा लावला बाई?"

"पोळ्याच्या आधी. सगळ्यांचे एकाच दिवशी."

"अन् बोट काल काऊन जळलं?"

मी हात पदराखाली घेतला. उशीर झाला होता. बोट फुगून भेंडीएवढं झालं होतं.

तेवढ्यात चटईवरून बारीक आवाज आला. "आजी, तो माहा नाई. त्याची शेपटी मोठी हाये."

"मंग तुहा कुठी हाये?"

पोरगी माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं घोंगडीतून हात काढून भिंतीकडे दाखवलं. भिंतीतल्या एका भोकात, मोहाच्या टोपलीमागे. म्हातारीनं तिथून चिंधी काढली. चिंधीत पाच खडे. चार नाल्याचे काळपट, आणि पाचवा पांढरा, माशाचा.

"तो हातावर चांगला बसते," पोरगी म्हणाली. "बाई म्हणे मडक्याले हात लावला तर काढून टाकन. म्हून सांगतलं नाई."

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

तिनं बोटं मोजली. पाच रविवार. पहिले तीन ती वर्गात आली होती, गर्दीत मडक्याशी वाकायची, काढल्यासारखं करायची. पुढचे दोन रविवार ती इथं चटईवर होती. आणि मडक्यात मासा नाही म्हणून माझी हजेरी पूर्ण होती.

म्हातारीला हे माझ्याआधी कळलं. "दोन इतवार पोट्टी आली नाई. तुले दिसलं नाई?"

"मी मडक्यात बघत होते, आजी."

"पोट्टे काय मडक्यात बसते?"

मी चटईवरच्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं, दोन रविवार उशिरा.

म्हातारीनं खडा हातात फिरवला, टोपलीमागच्या भोकाकडे बघितलं. मी गोळ्यांची पुडी धरून उभी, आणि पहिल्यांदाच मनापासून प्रार्थना करत होते, तीही आखूड. शेवटी ती पुटपुटली, "खडा माह्याच घरी होता. पाच इतवार. मंग हा ताप मडक्याचा नाई." तिनं माझ्याकडे हात पसरला. "आन गोळी."

पोरगीनं गोळी खाल्ली, तोंड वेडंवाकडं केलं, माझ्यापेक्षा चांगला अभिनय केला. पुढच्या आठवड्यात तिची थंडी थांबली.

मी निघताना म्हातारीनं दाराशी अडवलं. माझा बनावट खडा तिच्या मुठीत होता. "हा तुनं केला. मंग हा तुहाच खडा होय."

"द्या मग, नदीत टाकते."

"माह्याजवळ राहू दे."

"मडक्यात?"

"भेली काऊन?" ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "पदराले बांधतो. खोटं बोलली तर मंग पाहू."

बाकीचे खडे आम्ही सगळ्या मुलांनी मिळून नदीत परत टाकले. मडक्यात प्यायचं पाणी भरून ते ओट्यावर ठेवलं. मी मुलांच्या तोंडाकडे बघून हजेरी घ्यायला शिकले, आणि जो दिसला नाही त्याच्या घरी संध्याकाळच्या आत जायला. तुम्ही वहीत लिहायचं असेल तर एवढंच लिहा. म्हातारी त्यानंतर दर रविवारी मोहाखाली येऊन बसायची, पाठ झाडाला, डोळे माझ्यावर. मी बकरी झाले की हसायची नाही. मी काही फुगवून सांगायला लागले की पदराची गाठ चाचपायची, आणि मी गोष्ट जमिनीवर आणायचे. पाळकसाहेबांनी इतकी वर्षं प्रयत्न करून जे जमलं नाही ते तिनं एका गाठीवर केलं.

माझी बदली झाली तेव्हा मी तिच्याकडे खडा मागितला. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. खडा कुठे आहे ते मला माहीत नाही. पदराच्या गाठीतच राहिला असावा. मडक्यात नसावा, अशी आशा आहे.