न हललेलं शून्य

लिफ्टमधलं लाल शून्य दिसलं की मला सिल्वासातला एसटीडी बूथ आठवतो. मोठमोठ्या ओळखी सांगायच्या नादात आमच्या ह्यांनी एका गाजलेल्या नटाला वर्गमित्र करून टाकलं होतं. "मग कॉलनीच्या गणपतीला बोलवा," म्हणत ह्यांच्या कंपनीचे मॅनेजरसाहेब आम्हा दोघांना थेट बूथवरच घेऊन आले आणि बाहेर सिगारेट ओढत थांबले. हे काचेआड अरे-तुरे करत खळखळून हसत होते, पण मीटरवरचं शून्य हलत नव्हतं. फोन लागलाच नव्हता. "येतो म्हणालाय," हे बाहेर येत म्हणाले. साहेबांनी पाकीट काढलं. बूथवाल्या काकांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रहने दो साहब, बड़े आदमी का फोन था." गणपतीला अजून महिना होता. लिफ्टमधलं शून्य हलेपर्यंत आजही माझा जीव भांड्यात पडत नाही.