वरच्या पायरीवरून हुंकारा

नळदुर्गच्या किल्ल्यात पर्यटकांना फिरवायचं माझं काम. पाऊस चांगला झाला की बोरी नदी बांधावरून उड्या घेते आणि बांधाच्या पोटातला पाणीमहाल बघायला माणसं लोटतात. आत आपण कोरडे, समोर धबधबा कोसळतोय! दरवर्षी बघते, तरी दरवर्षी अंगात वारं शिरतं.

महालाचा जिना अरुंद आणि ओला, एका वेळी एकच माणूस चढणार. पाणी वाढू लागलं की वरचा पहारेकरी शिट्टी देतो; शिट्टी झाली की सगळ्यांनी वर यायचं. पण 'पाणी आलं' असं मी कधीच ओरडत नाही. घाबरलेली माणसं त्या जिन्यावर एकमेकांच्या अंगावर पडतील. त्यापेक्षा गोष्ट ऐन रंगात तोडायची आणि म्हणायचं, पुढचं वर बुरजावर. उरलेल्या गोष्टीच्या ओढीनं माणूस निमूट चढतो. माझी ही युक्ती कधी फसली नव्हती.

त्या दिवशी ईट गावाहून एक मोठं कुटुंब आलं होतं. त्यांचे आजोबा कानानं कमी, त्यात स्वतःच गोष्टीवेल्हाळ. मी खाली महालात राणीची गोष्ट रंगात आणली, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. म्हणाले, "ही न्हाय खरी. खरी म्या सांगतो." आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर ऐसपैस बसून त्यांनी पाण्याशी पैज लावणाऱ्या गवंड्याची गोष्ट सुरू केली. हुंकारा द्यायला मला कानाशी, एक पायरी वर उभं केलं. आमच्याकडं ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हं' म्हणायचं असतं. हुंकारा थांबला की सांगणाराही थांबतो.

मला राग आला होता. माझ्याच महालात मला गप्प करतात म्हणजे काय? पण म्हातारा असा काही सांगत होता की पाचव्या-सहाव्या 'हं'ला मीच रंगून गेले.

तेवढ्यात शिट्टी झाली. धबधब्याच्या आवाजात ती फक्त मला ऐकू आली, कारण जिन्यात मीच वरच्या बाजूला होते. बायका-पोरं सगळी आत आणि वाट आजोबांनी अडवलेली. मी त्यांच्या कानात म्हटलं, आजोबा, उरलेली वर सांगा. ते म्हणाले, मांडलेली गोष्ट मोडायची नसते. हात धरून उठवायला गेले तर हात झटकला. पाणी आल्याचं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावं, तर सगळीच घाबरली असती. माझी युक्ती इथं काय चालणार? गोष्टच माझी नव्हती.

मग एकदम सुचलं. मी दोन पायऱ्या वर गेले आणि तिथून अगदी हळूच 'हं' म्हटलं. आजोबांना ते ऐकू गेलं नाही. गवंडी पैजेच्या मधोमध अडकला. ते भिंतीला धरून उठले, दोन पायऱ्या चढले, पुढचं वाक्य बोलले आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. मी 'हं' केलं आणि आणखी वर सरकले. एक डोळा खालच्या पाण्याकडं होता आणि हसूही आवरत नव्हतं. त्यांच्यामागं, गोष्ट निसटू नये म्हणून, अख्खं कुटुंब एकामागं एक चढत होतं. कुणी ढकललं नाही, कुणी घसरलं नाही.

शेवटची सून लेकराला कडेवर घेऊन उजेडात आली तेव्हा मला उड्या माराव्याशा वाटल्या. आजोबा मात्र फुरंगटून उभे होते.

"गोष्ट आवडंना व्हय तुला?" ते म्हणाले. "म्या बोलायलो, अन् तू लांब लांब पळायलीस."

मी जिन्याच्या तळाकडं बोट दाखवलं. ते बसले होते त्या पायरीवरून पाणी वाहत होतं. आजोबांनी वाकून बघितलं. मग तिथल्या दगडावर बसले आणि माझा हात धरून मला शेजारी ओढलं.

"बस इथं. आता हलू नको. पैज ऱ्हायली."

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि इतक्या जोरात 'हं' म्हटलं की पहारेकऱ्यानं वळून पाहिलं.