मी घातलेलं गाऱ्हाणं आणि पडवीची किल्ली

हसायचं असेल तर चहा आधी खाली ठेवा, मंडळी. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा बाहेर आला, आणि भिजलं ते माझं धोतर! गाढवपणा कोण करत नाही? पण भर देवळात, अख्ख्या गावाच्या साक्षीनं, पलटणीतल्या कॅप्टनसाहेबांसमोर, आणि तोही देवाला हात जोडून? तो मान आमच्या किनाऱ्यावर माझ्या एकट्याचा.

मी शिकलो चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पुड्या बांधायच्या रद्दीवर झालं. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान. तांदूळ, गूळ, रॉकेल हे सगळं होतंच, पण खरा धंदा जाळ्याच्या सुताचा. होडीवर जाणारा प्रत्येक माणूस माझ्या दारावरून जायचा, आणि सूत माझ्याचकडून न्यायचा. दुसरीकडून नेणार कुठून? दुसरं दुकानच नव्हतं!

दुकानाला लागून माझी एक पडवी होती. तीन वर्षं रिकामी. दाराला कुलूप. आत एक मोडका तराजू, दोन फुटके पिंप आणि एक मांजर. कोणीही भाड्यानं मागितली, की माझं उत्तर तयार असायचं : "थंय गोदाम करूचा आसा." गोदाम कसलं करतोय! तिथं कोणी दुकान थाटू नये, एवढाच हेतू. हे तुम्हाला सांगतोय, तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. गावाला मात्र सगळं ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

चीनच्या लढाईनंतरची गोष्ट. आमच्या गावचा विष्णू, जन्माचा मासेमारी करणारा, पलटणीत गेला होता. तो परत आला कुबडी घेऊन. डावा पाय सरहद्दीवरच्या बर्फात गेला. एका पायावर होडीत उभं राहून जाळं कसं ओढायचं? त्याची बायको पार्वती माशांची टोपली डोक्यावर घेऊन पार कट्टा गावच्या बाजारापर्यंत चालत जायची, आणि हा घरात भिंतीला टेकून बसायचा.

एक दिवस कुबडी टेकत माझ्याकडे आला.

"शेटांनू, ती पडवी माका भाड्यान द्या. फाटलेली जाळी सांधतलंय, नवी विणतलंय, सूत इकतलंय. पाय गेलो, हात आसत मां!"

सूत विकणार! माझ्या शेजारी बसून!

"अरे विष्णू," मी तोंडभर हसून म्हटलं, "तुका नाय म्हणान कसा चलात? पण थंय गोदाम करूचा आसा रे."

तीनदा आला. तीनदा मी गोदाम बांधलं. तिसऱ्या वेळी तो गेल्यावर आमची मंडळी आतून म्हणाली, "कसला गोदाम? त्या मोडक्या तराजूचा? मांजरान पिल्ला घातली थंय, तितकीच काय ती तुमची भरभराट!"

आता यातली खरी गंमत ऐका. सैनिकांच्या कुटुंबांसाठी ध्वजदिनाचा निधी गोळा करायला गावानं कमिटी नेमली होती. अध्यक्ष कोण? मी! छातीवर कागदी झेंडा टाचून, हातात डबा घेऊन मी घरोघर भाषणं ठोकत होतो. "आपले जवान आपल्यासाठी रक्त सांडतात, आपण त्यांच्यासाठी काय करतो?" बायका पदरानं डोळे पुसायच्या. मीही पुसायचो. खोटं नाही सांगत, बोलता बोलता मलाही भरून यायचं. पडवीचं कुलूप मात्र डोळे पुसल्यानं थोडंच उघडतं?

मग जिल्ह्याच्या कचेरीतून सैनिक-कल्याणाचं काम बघणारे निवृत्त कॅप्टनसाहेब आले. देवळाच्या सभामंडपात गाव जमलं. साहेब मोजकं बोलणारे. म्हणाले, "विष्णूचा अर्ज मंजूर आहे. सूत, सुया, सगळा माल निधीतून देऊ. पण बसायला जागा गावानं द्यायची, आणि ती आज, माझ्यासमोर ठरायची. नाहीतर हा माल पुढच्या गावच्या अर्जदाराला जाईल."

सगळे आढ्याकडे बघायला लागले. विष्णू कुबडीवर हनुवटी टेकून बसला होता. पार्वती बायकांतून म्हणाली, "ऱ्हवांदे सायबानू. ट्रंक बांधलेली आसा. मुंबैक खंयतरी वॉचमन म्हणान जायत. घो मुंबैक नि मी हयसर. दुसरा काय?"

तिनं हे सरळ आवाजात सांगितलं. रडली असती तर बरं वाटलं असतं.

इथं माझ्या व्यापारी डोक्यानं झेप घेतली. आमच्या खोतांची एक शेड होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराखाली. मी कित्येक वर्षं तिकडे फिरकलो नव्हतो, पण बंदच पडलेली असणार. ती विष्णूला मिळाली तर? विष्णूची सोय होईल, निधी मार्गी लागेल, माझं अध्यक्षपद उजळेल, आणि सुताला इतक्या लांब कुत्रंही जाणार नाही! एका दगडात किती पक्षी? मी तर मोजायचंच सोडून दिलं.

पण खोत महा चिक्कट. त्यांच्याकडून 'हो' वदवायचं कसं? एकच वाट : गाऱ्हाणं!

परगावच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण देवापुढे उभा राहून मोठ्यानं मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" एकदा गाव असं बोलला की संपलं. कोर्टाचा हुकूम फिरेल, व्हय म्हाराजा फिरत नाही. फक्त एक नेम आहे. गाऱ्हाण्यात माणसाचं नाव घेऊन त्याला उघडा पाडायचा नाही. आडून बोलायचं, समजणारा समजतो.

नेहमी गाऱ्हाणं घालणारे तातू घाडी. त्यांचा घसा आदल्या दिवसापासून बसलेला. नुसती हवा येत होती. मी पुढे झालो. "तातूनू, तुमी बसा. आज मी घालतंय!"

तातूंनी डोळे मोठे केले. काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण फुस्स! घशातून शब्दच येईना. बरोबर त्या दिवशी त्यांचा घसा बसावा! देव म्हणतात तो हाच.

मी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या पायाकडे तुजी लेकरा जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो तुजो विष्णू, देशासाठी एक पाय बर्फात ठेवन घराक इलो. तेका पोटापाण्याक जागा होयी आसा..."

"व्हय म्हाराजा!"

आता खोतांवर नेम धरला. "बा देवा, ह्याच गावात एक जागा वर्सानुवर्सा रिकामी पडलेली आसा..."

"व्हय म्हाराजा!" आवाज जरा वाढला.

"तिच्या दाराक कुलूप आसा, नि आत मोडक्या वस्तूंशिवाय काय एक नाय..."

"व्हय म्हाराजा!!" मंडपाची कौलं हलली. वा! मला वाटलं, काय वाणी आहे आपली! तातू घाडी एवढी वर्षं उगाच मान खातात.

"तिचो धनी खाऊन-पिऊन सुखी आसा, पण मन तेचा सुपारीयेएवढा..."

"व्हय म्हाराजा!!!" बायकांच्या बाजूनं तर किंचाळणंच आलं. त्यात एक आवाज फार ओळखीचा वाटला. पण रंगलेला गवई मध्येच थांबतो का?

"इचारूक गेल्यार तो म्हणता, थंय गोदाम करूचा आसा..."

हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं, देवालाच ठाऊक. तीन वर्षं रोज म्हणून म्हणून जिभेवर बसलेलं, घसरलं! त्यावर जो आवाज उठला, तो होड्यांवरच्या माणसांनी ऐकला म्हणतात.

मी शेवटचा घाव घातला. "तर बा देवा म्हाराजा, त्या धन्याक सुबुद्दी दी! नि त्या जाग्याची किल्ली आजच्या आज, ह्याच देवळात, विष्णूच्या हातात पडांदे!"

"व्हय म्हाराजा!!!!"

नारळ फुटला. मी डोळे उघडले आणि विजयी मुद्रेनं खोतांकडे वळलो. खोत तोंडाला उपरणं लावून थरथरत होते. मला वाटलं, पश्चात्तापानं रडतायत बिचारे.

कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "फारच छान! पण ही जागा नक्की कोणाची?"

तातू घाडी उठले. घसा नव्हता, पण बोट होतं. ते बोट सगळ्या मंडपावरून सावकाश फिरलं. खोतांवर आलं. मी मान हलवली. बोट थांबलंच नाही! पुढे निघालं, आणि येऊन स्थिरावलं ते थेट माझ्या छातीवरच्या कागदी झेंड्यावर.

"मी?" माझा आवाज तातूंसारखा झाला. "अहो नाय! मी... मी खोतांच्या शेडीबद्दल बोलत होतंय!"

खोतांनी उपरणं काढलं. माणूस रडत नव्हता हो, हसून हसून जांभळा झाला होता. "शेटांनू, माज्या शेडीक कुलूप खंयचा? दारच नाय! वादळात गेला ता परत बसवकच नाय. गुरा बांधतंय थंय. तुमी वाट चुकलास!"

"पण... गोदाम..."

"गोदाम कोण म्हणता, ता शाळेतली पोरा पण सांगतीत!"

काय करू? माघार घेऊ? मागणं मीच मागितलेलं, सुबुद्धी मीच मागितलेली, किल्ली आजच्या आज हवी हेही मीच देवाला बजावलेलं! निदान किल्ली घरी आहे म्हणून एक रात्र मिळवावी, असा विचार येतोय न येतोय, तोच बायकांतून आमची मंडळी उठली. कमरेचा जुडगा सोडला, एक किल्ली काढली आणि पार्वतीच्या हातात ठेवली.

"घे गो बाय. सकाळी झाडून दितंय. मांजरीची पिल्ला तेवडी सांभाळ."

पार्वतीनं किल्ली मुठीत धरली. इतका वेळ सरळ बोलणारी ती बाई तेव्हा रडली. विष्णू एका पायावर ताठ उभा राहिला, कुबडी काखेत धरली, आणि मला कडक सलाम ठोकला. मला! अहो, मी कुठं बघू? त्या क्षणी माझं सुपारीएवढं मन खरंच जरा फुगलं. नारळाएवढं नाही, पण फणसाच्या आठळीएवढं तरी.

मग काय विचारता! साहेबांनी मला मिठी मारली. "स्वतःच्या धंद्याची पर्वा न करता, स्वतःचा दोष देवासमोर उघड कबूल करून दान करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतोय," असं भाषण केलं. आता त्यांना खरं कोण सांगणार? खोतांना जोर चढला, त्यांनी फळ्या दिल्या. कोणी बसायला पाट, कोणी कंदील. माझा निधीचा डबा, ज्याच्या तळाशी आठवडाभर नाणी खुळखुळत होती, तो त्या दिवशी हलवला तरी वाजेना, इतका गच्च! डोळ्यांत पाणी आणून जे जमलं नव्हतं, ते मूर्ख ठरून जमलं.

ध्वजदिनाला विष्णूचं दुकान उघडलं. नारळ मीच फोडला. त्याच्या हाताला असं कसब, की मालवणपासून होड्यांचे तांडेल, म्हणजे म्होरके, जाळी घेऊन यायला लागले. पार्वतीची टोपली खुंटीवर गेली. माझं सूत? पडलं की मागे! पण जाळं सांधून होईपर्यंत येणारा माणूस बसायचा कुठं? माझ्या बाकावर. बसला की गूळ घ्यायचा, तंबाखू घ्यायचा, रॉकेल घ्यायचा. सूत सोडून सगळं दुप्पट खपायला लागलं! मी हुशार व्यापारी ना? ही अक्कल मला तीन वर्षं सुचली नव्हती.

कचेरीतून मला मानपत्र आलं. 'निःस्वार्थ त्याग' वगैरे. दुकानात लावायला माझा हात धजेना, तर विष्णूनंच ते मागून नेलं आणि पडवीत टांगलं. गिऱ्हाईक विचारतं, "ह्या काय?" की विष्णू सुई बाजूला ठेवून सगळं गाऱ्हाणं नकलेसकट म्हणून दाखवतो. आणि गिऱ्हाइकं शेवटी काय म्हणतात, ते मला भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू येतं.

पुढच्या वर्षी कॅप्टनसाहेब पुन्हा आले, ते थेट माझ्या दुकानात. दुसऱ्या एका जवानाच्या आईसाठी घर हवं होतं. साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शेठ, एक गाऱ्हाणं होऊन जाऊ दे!"

मी खाकरलो. हात जोडले. डोळे मिटणार, एवढ्यात आतून आमची मंडळी किल्ल्यांचा जुडगा घेऊनच बाहेर आली.

"घाला, घाला गाऱ्हाणा. पण आधी माका सांगा, आता खंयचा दार देतलास? म्हणजे ती किल्ली मी आताच सोडवन ठेवतंय!"