बोडीचा उपास

"ईस्टरले माह्या सासरी येशील का वं? बाबूचा बाप्तिस्मा हाय," असं मार्थाने विचारलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात बसून उन्हाकडे पाहत अर्धवट झोपले होते. मी हो म्हणून टाकलं. माझे बहुतेक प्रवास असेच ठरले आहेत. नकाशे पाहून, सामानाची यादी करून निघणारी माणसं मला फार आवडतात, पण त्यांच्याबरोबर जायला नको वाटतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती ती. मार्था आमच्या शाळेत शिवण शिकवायची, मी मराठी. माझं घर विणकरांचं, नागपुरातल्या कोष्टी वस्तीतलं. घरात दिवसभर मागाची खटखट चालायची, त्यामुळे मला शांततेची विलक्षण हाव होती. मार्थाचं सासर म्हणजे उमरेडच्या पलीकडची बेथेलटोली, वीसेक ख्रिस्ती घरांची वस्ती. "तिथं काय आहे पाहायला?" मी विचारलं. "काईच नाही. एक बोडी हाय," ती म्हणाली. मला तेवढं पुरेसं होतं.

बोडी म्हणजे आमच्या पूर्वेकडचा लहान तलाव. तीन बाजूंनी मातीची पाळ घालायची आणि चौथ्या बाजूने उतारावरचं पाणी आत येऊ द्यायचं. टोलीतल्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा ईस्टरला, याच पाण्याने झालेला. मार्थाचा मुलगा जन्मला त्या वर्षी पाऊस रुसला आणि बोडी कोरडी पडली. पाद्रीसाहेब म्हणाले, मी शहरातून पाणी घेऊन येतो, देवाला सगळं पाणी सारखंच. मार्था म्हणाली, देवाला असेल, मला नाही. ज्या पाण्यावर हा वाढेल त्याच पाण्याने याला नाव मिळेल. पुढच्या वर्षीही ईस्टरच्या आधीच तळ दिसला. मुलगा तीन वर्षांचा होत आला तरी सगळे त्याला नुसतं बाबू म्हणत. यंदा बोडीत पाणी होतं आणि मार्था दिवस मोजत होती.

गुरुवारी सकाळी गणेशपेठेच्या स्टँडवरून आम्ही एस.टी. धरली. तुम्ही कधी या रस्त्याने सकाळी गेलात तर उजवीकडची खिडकी पकडा, ऊन डावीकडून येतं. तिकीट किती होतं ते आता आठवत नाही, परवडलं एवढं आठवतं. पाचगावपर्यंत रस्ता दगडांच्या खाणींमुळे पांढरा धुळकट होता, पुढे मात्र दोन्ही बाजूंना पळस असे पेटले होते की मी बाबूला मांडीवर घेऊन नुसती बघत राहिले. बाबू माझ्या पदराचं टोक चघळत झोपी गेला. उमरेडला उतरून आम्ही पोहे खाल्ले, वर चण्याचा लालभडक रस्सा. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसरी प्लेट मागितली. तिथून पुढे बैलगाडी. मोहाची फुलं वाटेवर सांडली होती आणि त्यांचा गोडसर, जरा चढणारा वास सगळ्या वाटेला लागला होता. बैल चालत होते की झोपले होते, सांगणं कठीण होतं. मी तर झोपलेच होते.

टोलीत पोहोचलो तर जो तो पाण्याच्या मागे. बायका गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरून आणत होत्या, पुरुष गुरांच्या टाक्यात बादल्या ओतत होते. मी मार्थाला विचारलं, एवढी घाई कशाची?

"उद्या बोडीचा उपास हाय न," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, उपास माणसं करतात. इथे गुड फ्रायडेला माणसांबरोबर बोडीलाही उपास असतो, म्हणजे आमच्यापासून सुटका. त्या दिवशी पाण्यात भांडं बुडवायचं नाही, गुरं न्यायची नाहीत, पाळीवर पाय ठेवायचा नाही. टोलीचे पूर्वज दुष्काळात इथे आले, त्यांनी हातांनी ही बोडी खोदली आणि वर्षातून एक दिवस पाणी पाखरांना द्यायचं ठरवलं. मार्थाचे सासरे योहानबाबा हा नियम सांभाळायचे. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. बाप्तिस्म्याचं पाणीही उपासानंतरच काढायचं, ते विसावलेलं असतं म्हणून, असं त्यांनी मला समजावलं.

"अन् कोणी चुकून गेलं तर?" मी विचारलं.

"आजपावतो कोणी गेलं नाही, बाई," ते म्हणाले. त्या आवाजात असा काही ठामपणा होता की माझं पुढचं चेष्टेचं वाक्य मी गिळलं.

संध्याकाळी मी बोडी पाहिली. फार मोठी नाही. पाळीवर करंजाची झाडं, पाण्यात आभाळ, एक बगळा. पाळीच्या खालच्या अंगाला सरूबाईचं मिरचीचं वावर. सरूबाई टोलीतली नव्हे, शेजारच्या गावची कुणबी बाई, एकटीने शेती करणारी. तिच्या मिरचीला या बोडीचं पाणी चालायचं, तिच्या घराला मात्र चालत नव्हतं. प्यायचं पाणी ती आपल्या गावातून डोक्यावर आणायची. याबद्दल कोणी काही बोलत नसे. मी पाळीवर बसले आणि अंधार पडेपर्यंत बसूनच राहिले. इतकं काहीही न करण्याचं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं.

शुक्रवारी बारा वाजता उपासना सुरू झाली. देऊळ म्हणजे कौलारू छपराची एक लांब खोली. मी दाराशी, शेवटच्या चटईवर. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पाद्रीसाहेब रविवारी येणार होते, म्हणून येशूने वधस्तंभावरून उच्चारलेली सात वचनं योहानबाबाच एकेक करून वाचत होते, मध्ये गीतं, मध्ये नुसती शांतता. तीन वाजेपर्यंत हे चालतं आणि तोवर पोटात काही नसतं. बाहेर झळा नाचत होत्या. मी प्रार्थनेत होते की झोपेत, ते माझं मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात मला अंगणातल्या आंब्याखाली सरूबाई दिसली. ती आत बघत होती. पुन्हा डोळे उघडले तरी ती तिथेच. तिच्या पावलांना घोट्यापर्यंत चिखल लागलेला होता. चैत्रातल्या दुपारी चिखल कुठून आला, हे माझ्या पेंगुळलेल्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तशी मी उठून बाहेर गेले.

"बाई, पाळ झिरपून राहिली," ती कुजबुजली. "मी पाणी देल्लं नाही अन् माह्यी मिरची भिजून राहिली. खेकड्याचं बीळ असंल. सकाळी झरा होता, आता मनगटाएवढी धार लागली."

"मग हाक का नाही मारली? किती वेळची उभी आहेस तू?"

"आज त्यांचा देव मरून राहिला न वं," ती म्हणाली. "अशा टायमाले कसं बोलू?"

रोज पहाटे टोलीतलं कोणी ना कोणी पाळीवर असतं. रोजचा दिवस असता तर तो झरा कोवळ्या उन्हातच दिसला असता आणि मूठभर मातीने बुजला असता. वर्षातला नेमका एकच दिवस तिथे कोणाची नजर नव्हती. बोडीला त्रास नको म्हणून सगळे इथे डोळे मिटून बसले होते आणि तिकडे बोडी वाहून चालली होती.

मी आत गेले. एवढ्या माणसांमधून वाट काढत पुढे गेले. योहानबाबा पाचव्या वचनापाशी आले होते, 'मला तहान लागली आहे' हे ते वचन. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही, पुस्तकही मिटलं नाही. मागून कोणीतरी विचारलं, काय झालं? मी मोठ्याने सांगितलं. मार्था ताडकन उभी राहिली, बाबू तिच्या कडेवर.

"बाबा," ती म्हणाली. एवढंच.

"आज हात लावत नाही बोडीले," म्हातारा म्हणाला. तो आम्हाला सांगत नव्हता, स्वतःलाच सांगत होता. "माह्या बापानं कधी लावला नाही."

"तुमच्या बापानंच बोडी खोदली होती," मार्था म्हणाली. "फुटून जाऊ द्यायले खोदली का?"

 छपरावर कावळा चालल्याचा आवाज येत होता. मला रडू येऊ लागलं आणि रागही येऊ लागला, त्या नियमाचा, त्या म्हाताऱ्याचा, स्वतःच्या झोपेचा. मग योहानबाबांनी पुस्तकात बोट घातलं आणि ते तसंच छातीशी धरून चालायला लागले.

"उरलेली दोन वचनं पाळीवर म्हणू," ते म्हणाले. "फावडे घ्या गा."

पांढऱ्या कपड्यांतली ती अख्खी मंडळी उपाशीपोटी, अनवाणी, फावडी-घमेली घेऊन धावत निघाली, ते अजून माझ्या स्वप्नात येतं. बाहेरून माती टाकून भागत नव्हतं, पाणी ती ढकलून देई. आतल्या बाजूने बिळाचं तोंड सापडायला हवं होतं. बाबूला माझ्याकडे देऊन मार्था आणि तिचा नवरा सॅम्युएल कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि पायाने चाचपत राहिले. सरूबाईने आपल्या गोठ्यातलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भारेच्या भारे आणून टाकला. आपल्या बांधाची चिकण माती तिने स्वतः खणून दिली.

"इथं हाय! पाय ओढून राहिलं!" मार्था ओरडली.

तणस आणि माती मळून गोळे केले, एकामागून एक बिळात ठासले. बाबूला पाळीवर बसवून मीही घमेली वाहिली. माझं एकुलतं एक चांगलं पातळ त्या दिवशी कायमचं मातकट झालं. आणि या सगळ्या गोंधळात योहानबाबा करंजाखाली उभे राहून सहावं वचन वाचत होते, मग सातवं, अगदी शांतपणे, जणू रोज इथेच उपासना होते. सातवं संपलं तरी धार चालू होती. ती बारीक झाली, थेंब थेंब झाली आणि सूर्य कलल्यावर थांबली. कोणी जयजयकार केला नाही. ज्वारीची आंबील आली, आम्ही सगळ्यांनी पाळीवर बसून प्यायली. सरूबाई जरा लांब बसली होती, तिच्यासाठी कोणी आंबील नेली नाही, कारण ती घेणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवार मी पाण्याकडे पाहत घालवला. पाणी खाली गेलं होतं, पण होतं. गाळ मात्र बसेना. चहासारखा रंग झाला होता. सरूबाईच्या वावरात वाळत टाकलेली मिरची भिजून गेली होती. ती एकेक मिरची उचलून दगडावर मांडत होती. मी मदतीला गेले आणि शिंकून शिंकून हैराण झाले. "शहरच्या नाकाले झेपत नाही," ती हसली.

रविवारी पाद्रीसाहेब सायकलवर आले. त्यांनी बोडी पाहिली आणि हळूच म्हणाले, माझ्या बाटलीत स्वच्छ पाणी आहे. मार्थाने नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. त्यांनी बाटली परत पिशवीत ठेवली.

उपासानंतरचा पहिला गुंड भरायचा मान ज्या घरचं लेकरू त्या घरच्या वडीलधाऱ्याचा. सगळे घाटावर जमले. योहानबाबांनी घासून लखलखीत केलेला गुंड उचलला, पाळीच्या कडेला उभ्या असलेल्या सरूबाईपर्यंत गेले आणि तो तिच्यापुढे धरला.

"मी?" ती म्हणाली. "मी काहून, बाबा?"

"तू राखलं, तूच भर."

सरूबाईने आधी हात पदराला पुसले. मग ती पाण्यात उतरली, गुंड बुडवला, डोक्यावर घेतला आणि देवळाच्या दारातून पहिल्यांदाच आत गेली. त्या गढूळ पाण्याने बाबू आशिष झाला. कपाळावरून मातकट ओघळ नाकावर आला तसा त्याने तो जिभेने चाटला आणि सगळं देऊळ हसलं. मार्था हसता हसता रडायला लागली.

बाहेर ऊन रणरणत होतं. गुंडात अर्धं पाणी उरलं होतं. सरूबाईने इकडे तिकडे पाहिलं नाही. तिने ओंजळ पुढे केली. मार्थाने पाणी ओतलं आणि ती प्यायली.

सोमवारी मी परत आले. सरूबाईने दिलेली भिजून वाळलेली मिरची पिशवीत होती. घरी मागाची खटखट तशीच चालू होती, आईने पातळाकडे पाहून कपाळाला हात लावला आणि मी नळाखाली पाय धुवायला बसले. नळ नेहमीपेक्षा लवकर बंद केला, असं आठवतं. आपण काहीतरी मोठं शिकून आलो असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. थकवा होता आणि एक प्रकारची मायेची हुरहुर होती.

त्या वर्षानंतरही टोलीने उपास सोडला नाही, फक्त त्यात एक बदल केला. मंडळी देवळात बसली की पाळीवर बाहेरचं एक माणूस राखणीला बसतं, ज्याला त्या दिवसाचा उपास नाही असं. पुष्कळ वर्षं सरूबाई बसली. ती गेल्यावर मार्थाने मला विचारलं. जागेपणी स्वप्नं पाहत बसण्याचं काम कोणी देत असेल तर मी नाही कसं म्हणणार?

आता मी नागपुरातच, मनीषनगरात राहते. रस्ता गुळगुळीत झालाय, टोलीपर्यंत गाडी जाते. तुम्हाला जायचं असेल तर गुड फ्रायडे सोडून कधीही जा, टोपी न्या, खाणं सोबत ठेवा, मोहाच्या दिवसांत गेलात तर उत्तम. मार्था आता नाही. तिची आठवण मला देवळापेक्षा पाळीवर जास्त येते. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती अजून पायाने काहीतरी चाचपते आहे असं भर दुपारी दिसतं आणि मी डोळे चोळून पाळीच्या खालच्या अंगाला एक चक्कर मारून येते.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. आशिषला फोन करून म्हटलं, यंदा दुसरं कोणी बघ बाबा. 

"मावशी, करंजाखाली तुह्यासाठी खुर्ची टाकून ठेवली हाय," तो म्हणाला. "गाडी घेऊन येऊन राहिलो मी."

"बोडीत पाणी किती आहे?" मी विचारलं.

"तू राखशील एवढं हाय."

मी छत्री शोधायला उठले.