आहेराची तबकडी

शालिकरामचा हात कधी रिकामा राहत नसे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची परीक्षा चालू असली की हा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून किल्ल्यांचा जुडगा मांडीवर वाजवायचा आणि सरांनी डोळे वटारले की तेवढ्यापुरता थांबायचा. पारशिवनीजवळच्या गावात तो लहानपणापासून भजनाला खंजिरी वाजवत आला होता. कॉलेजातल्या शिपायाच्या नोकरीसाठी नागपुरात आला, जरीपटक्यात दोन खोल्या घेतल्या, पण बोटं गावाकडचीच राहिली.

त्या बोटांमुळेच तो बँडमध्ये गेला. गिरिधर हा महाल भागातल्या एका हेडक्लार्कचा मुलगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं तीन मित्र जमवून ‘डांबर’ नावाचा बँड काढला होता. संध्याकाळी शालिकराम त्यांना हॉल उघडून द्यायचा आणि दाराशी बसून टेबल बडवायचा. एके दिवशी गिरिधरनं गिटार खाली ठेवली.

“शालिकभाऊ, हे काय वाजवून राहिले तुम्ही?”

“काही नाई गा. तुमचा ढोल एकटाच पळून राहिला होता, त्याले सोबत देऊन राहिलो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं खंजिरी आणली. आठवडाभरानं पंचफुलाही आली. शालिकरामची बायको जात्यावर गायची आणि तिचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा. पोरांनी तिला एक ओवी म्हणायला लावली. ती जिथं थांबली तिथून गिरिधरनं गिटार उचलली. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी तिच्या जात्याला न विचारता हात लावला होता. मग हसली आणि पुढची ओवी म्हणाली.

१९७३ साली मुंबईला जाऊन त्यांनी तबकडी काढली. नाव ठेवलं ‘ऊन उतरलं की’. एका बाजूला खंजिरीवर धावणारी गाणी, दुसऱ्या बाजूला शेवटी पंचफुलाच्या ओव्या. गिटारवाल्यांना त्यात भजन फार वाटलं, भजनवाल्यांना गिटार. कंपनीनं न खपलेली खोकी परत पाठवली. पोरं पास होऊन पांगली. गिरिधर मुंबईला गेला आणि पुढे त्याचं नाव झालं, ते वेगळ्याच गाण्यांवर. खोकी मात्र शालिकरामच्या पलंगाखाली आली.

एवढ्या तबकड्यांचं काय करायचं? शालिकरामनं आपल्या गावाकडच्या रीतीनं उत्तर शोधलं. लग्नाचं आमंत्रण आलं की तो एक तबकडी आहेरात द्यायचा. मांडवात माईकवरून पुकारा व्हायचा, “शालिकराम यांच्याकडून, त्यांच्या स्वतःच्या गाण्याची रेकाड!” लोक माना वळवून पाहायचे आणि शालिकराम टोपी सारखी करायचा. ज्यांच्या घरी ती जात होती त्यांच्याकडे ती वाजवायचं यंत्रच नव्हतं, हे त्याच्या मनातही आलं नाही. पितळी गुंडी-घागरीसारखी वस्तू आहे. घरात राहील, एवढंच. पाच-सहा वर्षांत पलंगाखालची जागा रिकामी झाली.

मग १९७९ साली पंचफुलाच्या गळ्याची गाठ काढली. गाठ गेली, जीव वाचला. आवाज मात्र परतला तो सुपात खडे पाखडावेत तसा. दळण आता गिरणीतूनच यायचं, तरी ती कामाच्या नादात काहीतरी गुणगुणायची. तेही बंद झालं. शेजारणीला हाक मारायची तर ती ताटली वाजवायची. शालिकरामला आपल्याच घरात परक्यासारखं वाटू लागलं. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की बायकोचा आवाज त्यानं गावोगाव वाटून टाकला होता. स्वतःसाठी एकही तबकडी ठेवली नव्हती.

त्यानं गिरिधरला पत्र टाकलं. उत्तर आलं, “माझ्याकडेही नाही, शालिकभाऊ. कंपनी बंद पडली. तुम्हाला सापडली तर मलाही कळवा.”

मग रविवारची सुट्टी आली की तो एस.टी. धरायचा. एका घरी तबकडी दुधाच्या गंजावर झाकण म्हणून होती, वाफेनं पापडासारखी वाकलेली. दुसऱ्या घरी पोरांनी तिचं चाक केलं होतं. तिसरीकडे ती देवाशेजारी भिंतीवर होती, मधोमध खिळा ठोकलेला, चहूकडे हळदीकुंकू. शालिकराम चहा घ्यायचा, पाऊसपाणी विचारायचा आणि निघायचा.

पंचफुलाला हे कळलं तशी ती म्हणाली, “काहून फिरून राहिले असे? गेलेल्या आवाजाचं काय लोणचं घालता?”

“एकदा ऐकाचं आहे वं.”

“मले नाई ऐकाचं.”

८२ सालच्या हिवाळ्यात तो धोंडबाच्या घरी पोचला. धोंडबा दूरचा मावसभाऊ. त्याच्या सुनेनं, प्रेमिलानं, पेटी उघडली. शालूच्या घडीत, कव्हरासकट तबकडी होती. ओरखडाही नव्हता.

“वाजवली नाई कधी?” शालिकरामनं ती उलटसुलट करून पाहिली.

“आहेराची वस्तू आहे मामाजी, अशी कोणी वापरते का?”

‘देतेस का?’ हे शब्द जिभेवर आले आणि तिथंच बसले. दिलेला आहेर परत मागायचा? त्याच्या सात पिढ्यांत कुणी मागितला नव्हता. तो चहा पिऊन परतला. एस.टी.त मात्र किल्ल्या मांडीवर वाजू लागल्या. तबकडी यंत्राकडे येत नसेल तर यंत्र तबकडीकडे जाईल!

पुढल्या रविवारी दुपारी धोंडबाच्या अंगणात ओमप्रकाश उतरला. हा जरीपटक्यातला लाऊडस्पीकरवाला. सोबत बॅटरी, रेकॉर्ड प्लेअर आणि कर्णा. “भाऊ, बारात कहाँ है?” असं त्यानं तीनदा विचारलं. पंचफुलाला नात्यात जायचं म्हणून आणलं होतं. कर्णा कडुलिंबावर चढताना पाहून ती काय ते समजली आणि पाठ फिरवून बसली.

सुई टेकली. आधी खंजिरी, मग गिटार. आणि मग तो आवाज आला, तीन घरं ओलांडणारा. या वेळी त्यानं अख्खं गाव ओलांडलं. पाणी भरणाऱ्या बाया घागरी घेऊन दारात आल्या. शालिकरामनं खांबाला टेकून डोळे मिटले. त्याला नऊ वर्षांपूर्वीची, माईकसमोर पदर घट्ट धरून उभी असलेली बायको दिसत होती.

“हे मंधात कोण रडून राहिलं?” एका म्हातारीनं विचारलं.

“गिटार आहे माय ते.”

“अन् म्हणून कोण राहिली?”

मग पंचफुला वळली. “मी,” ती म्हणाली. खडे पाखडल्यासारखी.

म्हातारीनं तिच्या गळ्यावरचा व्रण पाहिला. घागर खाली ठेवून ती पंचफुलाच्या अगदी जवळ येऊन बसली.

“आवाज गेला तं गेला. शब्द तं आहेत ना तुह्यापाशी? सांग मले. माह्या नातसुनेले येत नाई एकही.”

पंचफुलानं शालिकरामकडे पाहिलं. ओमप्रकाशला त्यानं हातानंच खूण केली, सुई उचल. कर्णा थांबला. पंचफुलानं खरखरीत आवाजात पहिली ओळ सांगितली, सरळ, सूर न लावता. म्हातारीनं ती उचलली आणि भलत्याच ठिकाणी नेली.

“तसं नाई वं,” पंचफुलानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “इथं थांबाचं असते. जातं अर्धं फिरू द्याचं. मंग पुढं.”

“अस्सं होय!” म्हातारीनं पुन्हा म्हटलं. आता बाकीच्या बायाही टेकल्या.

“भाऊ, पाच की गाडी है,” ओमप्रकाश कुजबुजला.

“जाऊ दे गा,” शालिकराम म्हणाला आणि प्रेमिलाच्या पेटीशेजारी बसून त्यानं पेटीच्या झाकणावर हलकेच ताल धरला.