न नांगरलेला पट्टा

तलासरीच्या हद्दीतला तो खड्डा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका पाड्यावर नळपाणी योजनेचे खोदकाम सुरू होते. सकाळची हजेरी आटोपली आणि निनावी फोन आला. भातखाचरात माणसाची हाडे निघाली आहेत, मालकाने सख्ख्या भावाला मारून तिथे पुरले आहे, एवढे सांगून बोलणाऱ्याने फोन ठेवला.

आम्ही पंच घेऊन गेलो. सगळी जमीन बांधापर्यंत कसलेली, फक्त मधोमध एक पट्टा गवताने भरलेला. हाडे त्याच पट्ट्यात होती. मालक, साठी उलटलेला शेतकरी, खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याच्यामागे सारा पाडा उभा होता. गुन्ह्याच्या जागी माणसे कुजबुजतात, कोणाकडे तरी बोट दाखवतात. इथे कोणी तोंड उघडले नाही. ते मला खटकले.

पंचनामा केला, हाडे सीलबंद करून तपासणीला पाठवली, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि मालकाला चौकशीसाठी ठाण्यात आणले.

"बाबा, भाऊ कुठे आहे?"

"गेला."

"कुठे?"

"सांगून नाय गेला."

"भांडण कशावरून झालं?"

"जमिनीवरून."

"त्या पट्ट्यात नांगर का घालत नाही?"

त्याने मान खाली घातली. "ते बाहेर सांगायला आमाला मनाई हाय, साहेब."

भाऊ बेपत्ता, भांडण कबूल, हाडे त्याच्याच शेतात. अटक करायला दुसऱ्या कोणाला एवढे पुरले असते. पण खोटे बोलणारा माणूस आधी भांडणच नाकारतो. मी थांबलो आणि एका हवालदाराला किनाऱ्याकडे पाठवले. त्या पाड्यातले बरेच जण बोटींवर खलाशी म्हणून जात.

भाऊ धाकटी डहाणूच्या बंदरावर जाळी सांधताना सापडला, धडधाकट. ठाण्यात आला, थोरल्याला बाकावर बसलेला पाहिला आणि माझ्याकडे वळला.

"दादाला कशाला धरलं? शेतात पुरलेली ती माणसं याच्या जन्माआधीची हायत."

मग मनाई त्यानेच मोडली. त्यांच्या खापरपणजोबांच्या काळी तिथे जंगल होते. काही घरांनी ते साफ करून खाचरे बांधली. पहिले पीक उभे असतानाच पटकीची साथ आली. चिता रचायलाही हात उरले नाहीत. जे वाचले त्यांनी मेलेल्यांना शेतातच पुरले, लेकरांना आयांच्या कुशीत. त्यांना पुन्हा कोणी उकरू नये म्हणून ती जागा बाहेर कोणाला सांगायची नाही, असे ठरले.

"मला तिथं ट्रॅक्टर घालायचा होता," धाकटा म्हणाला. "दादा आडवा आला. मी रागानं घर सोडलं."

"त्या माणसांची नावं माहीत आहेत?" मी विचारले.

थोरल्याने धाकट्याकडे पाहिले आणि नावे घ्यायला सुरुवात केली. धाकटा त्याच्या मागून म्हणू लागला. नवा भात घरात आला की सारा पाडा हीच नावे घेतो, म्हणून लहानपणापासून पाठ. ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवले. वायरलेसवरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. कोणे एके काळी गेलेली माणसे, त्यांत नाव ठेवण्याआधीच गेलेले एक तान्हे, त्याचेही नाव 'अमकीचं बाळ' असे घेतले गेले.

तपासणीचा अहवालही तेच बोलला: फार जुनी हाडे, अनेकांची, त्यांत मुलांची. फोन करणारा शेजारच्या गावचा निघाला. हाडे निघाल्याचे त्याला खोदणाऱ्यांकडून कळले, भावांचे भांडण त्याने बाजारात ऐकले होते, बाकीचे त्याने आपल्या मनाने जोडले. त्याला समज दिली.

परवानगी घेऊन हाडे मी स्वतः परत नेली. पाण्याची लाइन वळसा घालून गेली. दोन्ही भावांनी मिळून माती लोटली. मग एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, तुमी बी घाला मूठभर." मी टोपी काढली आणि मूठभर माती घातली.

त्यानंतर चौकशीत कोणी गप्प बसला की मी त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. हा काय लपवतो आहे, हे मी नंतर विचारायचो. कोणाला सांभाळतो आहे, ते आधी.