चौथी सूचना

हे लिहायला बसेपर्यंत मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. बाबांना नाही, पाळकसाहेबांना नाही. रोज प्रार्थनेत ज्याच्याशी बोलते त्यालाही — सरळ शब्दांत — नाही. 'आमच्या चुकांची क्षमा कर' असं म्हणत आले. 'आमच्या'. सगळ्यांमध्ये मिसळून उभं राहिलं की किती छान लपता येतं, नाही?

तुम्ही मला ओळखत असाल तर त्या एका पत्रकामुळे. 'आपण विचारलं होतं का?' मलकापूरच्या आमच्या छोट्या चर्चमधल्या कुसुममावशी एकट्यानं आजार काढून गेल्या आणि आपण साधी विचारपूसही केली नाही, म्हणून मी संतापानं लिहिलेलं. त्या पत्रकाबद्दलच बोलायचं आहे. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

मी वाचायला शिकले तेच पत्रिकांवर. बाबा आठवडी बाजारात सुवार्तेच्या, येशूची शिकवण सांगणाऱ्या पत्रिका वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गृहपाठ करायची. पुढे स्वतः लिहायला लागले — हुंड्यावर, चर्चमधल्या मानपानावर, कमिटीत बायका का नाहीत यावर. पहिल्या ओळीलाच माणूस थांबला पाहिजे, हा माझा हट्ट.

म्हणून रविवारच्या सूचनांचा मला वैताग यायचा. उपासना संपली की त्या सुरू व्हायच्या — लग्नाची आमंत्रणं, हरवलेली छत्री, गायकगणाची तालीम, कोणाच्या नातवाचा बाप्तिस्मा. मागच्या बाकावरून सॅमसनकाका हमखास म्हणायचे, "उपासना एक घंटा अन् सूचना दोन घंटे! घरी वरण करपून राह्यलं ना बे!" सगळे हसायचे, आणि ऐकत कोणीच नसायचं.

मी कमिटीपुढे नियम मांडला. रविवारी तीनच सूचना वाचायच्या. सगळ्यांच्या कामाची आधी, मग बऱ्याच जणांच्या कामाची. एकट्यादुकट्याची असेल ती बाहेरच्या फळ्यावर, एका ओळीत. कमिटीनं मान्य केलं आणि निवडायचं काम माझ्याकडेच दिलं. नियम चांगला होता. अजूनही मला तो चांगलाच वाटतो — हे सांगायला हवं, नाहीतर सगळं नियमावर ढकलून मी मोकळी होईन.

कुसुममावशी एकट्या राहायच्या. नवरा वारलेला, मुलगी रेखा सूरतला दिलेली. मावशींच्या पोटात गाठ निघाली. इथल्या डॉक्टरांनी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं, आणि बजावलं की सोबत कोणीतरी आणा, ऑपरेशनला घरचं किंवा ओळखीचं माणूस लागेल. रेखा तेव्हा ओली बाळंतीण. तिला कळवायचं नाही, हे मावशींनी ठरवून टाकलेलं. शनिवारी मी चर्चमध्ये सूचना लिहीत बसले होते, तेव्हा त्या आल्या.

"पोरी, उद्या सांगजो ना चर्चात. मले अकोल्याले जा लागते. संगं कोनी चला म्हना."

मी हो म्हटलं. मग तिन्ही जागा पाहिल्या. पहिली, वार्षिक सभा. दुसरी, नाताळच्या नाटकाची तालीम. तिसरी, तरुणांचा मेळावा. मेळाव्याचा विषय — दुर्लक्षितांचा आवाज. बोलणार कोण? मी.

तिसरी काढता आली असती. नाही काढली. मावशींची चौथी झाली, आणि चौथी फळ्यावर जाते.

फळ्यावर आजाऱ्यांसाठी एक कोपरा असतो. तिथे मी लिहिलं, 'कुसुममावशींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा.' बस, एवढंच. अकोला नाही, सोबत नाही. त्यांनी माणूस मागितला होता, मी प्रार्थना मागितली. का? एका ओळीत बसवायचं होतं म्हणून — नाही, थांबा, हे खरं नाही. 'अकोल्याला जायला सोबत हवी' हीदेखील एकच ओळ आहे. मला ती फार घरगुती वाटली. चर्चच्या फळ्यावर शोभणार नाही असं वाटलं. मानपानावर पत्रकं काढणारी मी!

लोकांनी प्रार्थना केली. मनापासून केली. नव्याण्णव मेंढरं मागे ठेवून हरवलेल्या एकाला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाची बायबलमधली गोष्ट तुम्हाला आठवली असेल. मलाही आठवते. ती इथे सांगायचा हक्क मला नाही.

पुढच्या रविवारी मावशी पायरीवर, चपलांच्या ढिगापाशी बसल्या होत्या. चेहरा पिवळा पडलेला.

"सांगतलं का वं?"

"टाकलंय मावशी, फळ्यावर."

"हाव? मंग येईन कोनी."

त्या उठून फळा बघायला गेल्या नाहीत. माझ्या शब्दावर विसंबल्या. आणि मी? मी का नाही गेले त्यांच्यासोबत — हे तुम्ही केव्हापासून मनात विचारताय, मला माहीत आहे. सकाळची गाडी धरली, शेगाव मागे पडलं की आलंच अकोला. पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. सूचना ही ऐकणाऱ्यांसाठी असते. मी ती देणारी होते.

त्याच आठवड्यात मावशी मोरीत पडलेल्या शेजारणीला दिसल्या. रिक्षा दवाखान्यापर्यंत पोचली, मावशी पोचल्या नाहीत. वेळेवर अकोल्याला नेलं असतं तर वाचल्या असत्या का? मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. मला भीती वाटते — दोन्ही उत्तरांची.

इथवर हलगर्जीपणा म्हणता येईल. पुढचं तसं नाही.

दफन झाल्यावर कबरस्तानच्या फाटकापाशी पाळकसाहेबांनी मला विचारलं, "मावशींनी कोणाला सोबत मागितली होती का गं? शेजारीण तसं काहीतरी म्हणत होती."

खरं बोलायला ती जागा होती. मी म्हटलं, "नाही. फक्त प्रार्थना करा म्हणाल्या." आणि वर जोडलं, "मानी होत्या हो." ते 'मानी' माझ्याकडे कोणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

आणि मग ते खोटं मी छापलं. 'तिनं कधी हात पसरला नाही, आणि आपण कधी विचारलं नाही.' वाक्याला लय आहे ना? मी त्याच्यावर खूप वेळ घालवला होता. ते पत्रक बुलढाण्याच्या चर्चमध्ये वाचलं गेलं, इतर गावी गेलं. लोक रडले. सॅमसनकाका डोळे पुसत म्हणाले, "पोरी, लाज वाटली वं आमची आमाले." ज्यांच्यापर्यंत मी मावशींचा निरोप पोचूच दिला नव्हता, त्यांनाच मी गुन्हेगार केलं. आणि त्यांनी मान खाली घालून ते कबूल केलं.

स्मरणाच्या उपासनेला रेखा आली, लेकरू कडेवर घेऊन. तिनं पत्रक वाचलं होतं. जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, "माय लय गर्वाची होती. मले नाही सांगतलं, जाऊ दे. पन तुमच्यातल्या कोनाले तं बोलावं! तोंड शिवलं होतं काय तिचं?"

मी तिच्या ताटात भात वाढला. त्यानंतर ती मलकापूरला दोनदा येऊन गेली, पण आईच्या कबरीवर गेली नाही. मला ते कळलं, तरी मी गप्पच राहिले. पत्रकाची नवी आवृत्ती निघत होती.

कुसुममावशींनी मागितलं होतं. माझ्याकडे. मेलेल्या बाईवर मी मानीपणा लादला, कारण ती येऊन खोडून काढणार नव्हती.

इथपर्यंत लिहून झाल्यावर काल मी सूरतला फोन लावला आणि रेखाला हे सगळं वाचून दाखवलं. मागे तिचं लेकरू कशासाठी तरी हट्ट करत होतं.

"मंग बोलली होती माय," ती म्हणाली. मला नाही, स्वतःशीच.

मग तिनं फोन ठेवला. मी परत लावला नाही.